महिनाभर लांब

पनवेलच्या त्या दवाखान्यातून मी पळ काढायच्या बेतात होते. विषाणूमुळे माझ्या गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी बदलल्या होत्या. त्या आज गोठवून टाकल्या, तर पुढचा कॅन्सर टळणार होता. घरी मात्र मी दाढ दाखवायला जाते म्हणून सांगितलं होतं.

तेवढ्यात तोच उपचार घेऊन एक बाई बाहेर आली. जवळच्या जासई गावची असावी. अंबाड्यावर अबोलीचा गजरा, चाल लग्नघरातली. दाराशी उभ्या नवऱ्याला तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "महिनाभर लांब झोपायचं हाय." तो चपलांकडे बघत राहिला. मग तिने पुन्हा आत डोकावून विचारलं, "डॉक्टरीणबाई, दोन महिनं नाय का करता येनार?"

सगळा बाक हसला. मीसुद्धा.

"दुखतं का हो?" मी तिला हळूच विचारलं.

"पाळीत दुखतं तेवढंच. घरी ठावं हाय ना?"

"दाढेचं सांगितलंय."

"मंग गाल धरून जा," ती गंभीरपणे म्हणाली.

आत डॉक्टर दोनदा म्हणाल्या, "हसू नका, हलताय तुम्ही."

संध्याकाळी आईने विचारलं, "कुठली दाढ?" मी गाल धरला, आणि इतकी हसत सुटले की शेवटी तिला खरं सांगावंच लागलं.