चुन्याची लकीर

जालना रोडमागच्या आमच्या बंगल्यांच्या कॉलनीत रोज सकाळी एक म्हातारा फिरायला येई. दारातल्या गाड्यांकडे तो बघत नसे. त्याची नजर रस्त्याच्या कडेवर असे. कॉलनी आखली तेव्हा या माळावर दोरी धरून चुन्याची फक्की त्यानंच मारली होती. कुणाचं कुंपण पुढं आलेलं दिसलं, की तो थांबून काठी आपटी.

नव्या फाटकाला मी ऐटीत तीन पायऱ्या बांधल्या. तो थांबला. काठी तिसऱ्या पायरीवर आपटली.

"साहेब, ही बाहेर आली."

"वीतभरच आहे, चाचा."

"बंगला तुमचा हाय. लकीर माझी हाय."

राग आला, तरी टेप लावला. खरंच वीतभर बाहेर होती. मी पायरी फोडली.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि न थांबता पुढं गेला. एवढी शाबासकी मला उभ्या नोकरीत मिळाली नव्हती.