रापणीबाहेरचा बाबलो

पणजीहून पेडणे, तिथून दुसरी बस, आणि सकाळच्या उन्हात मी केरीला उतरले. सुरूची झाडं संपली की एकदम समुद्रच समोर येतो. शालिनीताईंकडे खोली घेतली होती. त्यांनी उंडे (कडक, गोल पाव) आणि भाजी पुढे ठेवली. "बेगीन खावा, रापण ओढूक जावया."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं मोठं जाळं. ओढेल त्याला मासळीचा वाटा. मीही दोरीला लागले. ताई हसल्या, "जोर लावा हां! नुसती धरून रवलात तर सांजेपर्यंत वाडाभर बोलणां होतलां."

म्हणूनच असेल, कुणी अंगचोरपणा करत नव्हतं.

सुरूखाली एक म्हातारा एकटाच बसला होता. मी ताईंना विचारलं, त्याला का बोलवत नाहीत?

"तो बाबलो. ट्रॉलरवाल्यांसाठी तेणां आमचां जाळां कापल्यान."

"कोणी पाहिलं?"

"बघूक कोणी नाय. पण सगळे सांगतत."

तेवढ्यात दोरी ताणली गेली. जाळं कशात तरी अडकलं होतं. दोघं होडीतून गेले, बुड्या मारल्या आणि गंजलेला नांगर वर काढला. त्याच्या दातांत जुन्या जाळ्याचा तुकडा अडकला होता. निळ्या काठाचा. गावातल्या प्रत्येकाने तो ओळखला. बाबलोनं कापलं म्हणत होते ते जाळं नांगरानंच फाडलं होतं.

मग रापणीचा म्होरक्या, वयस्क तांडेल, सुरूखाली गेला. मीही मागोमाग गेले.

"बाबल्या, चुकलां आमचां. ये, दोरी धर."

बाबलोनं मान वर केली. "बायल गेली तेव्हा खांदो देऊक एकय माणूस इलो नाय. शेवटी बांधकामावरचे बेळगावचे कामगार इले. तेंका माझ्याबद्दल काय ठावक नव्हतां."

तो उठला, लुंगी झटकली आणि घराकडे चालू लागला. तांडेल तिथेच उभा राहिला. त्या दिवशी मासळी भरपूर मिळाली. बाबलोच्या दारात ठेवलेला वाटा दुपारपर्यंत तसाच होता, मग कावळे आले.

दुसऱ्या दिवशी परत निघाले. लोक बोलतील या भीतीनंच तर इतके हात एका दोरीला लागतात, हे मला कळत होतं. त्याच बोलण्यानं एका बाईची तिरडी परक्यांच्या खांद्यावर गेली होती. बसमध्ये पुढच्या बाकावर केरीच्याच दोघी होत्या. जाळं कापल्याबद्दल बाबलोचं नाव पहिल्यांदा कोणी घेतलं असेल, याचा त्या हळू आवाजात अंदाज बांधत होत्या. मांद्रे गाव यायच्या आत त्यांचं एका नावावर एकमत झालं.