पागोट्यावरचं फुलपाखरू

हे मी इतकी वर्षं टाळत आलो. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. पण वय नव्वदीकडे झुकलंय, आणि यात एका माणसावर मी घेतलेला खोटा आळ आहे... तो तसाच राहू नये, म्हणून लिहितोय.

पन्नासच्या दशकाचा शेवट. मी आणि माझा मित्र रशीद, दोघेही विशीतले, चिंचवडला राहायचो. त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. रशीदकडे एक डबा कॅमेरा होता — एका रोलमध्ये बारा फोटो. लेन्सपुढे चष्म्याची जाड काच दोऱ्याने बांधून तो फुलपाखरं अगदी जवळून टिपायचा. रोलही घरीच धुवायचा, आणि त्याच्या हातून एकही कधी बिघडला नव्हता. याचा त्याला फार अभिमान.

दसरा नुकताच झाला होता. रविवारी आम्ही सायकलींवरून रहाटणीला, पवनेच्या काठी गेलो. स्वच्छ ऊन, बांधावर तरवडाची पिवळी फुलं, खंड्या, वेडे राघू... दुपारपर्यंत अकरा फोटो झाले.

बांधावर घोंगडी टाकून एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी आग्रहाने भाकरी खाऊ घातली. मग कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाले, "पाखरांचे किती बी काढा. माजा फोटू काढू नगा. आयुष्य कमी हुतं."

रशीद हसला. "बाबा, मग पाखरांचं नाही का होत?"

"त्यास्नी कुटं ठावं हाय!"

मी शब्द दिला — नाही काढणार.

कॅमेरा माझ्याकडे देऊन रशीद हात धुवायला नदीवर गेला. तेवढ्यात एक मोठं काळं फुलपाखरू येऊन बाबांच्या पागोट्यावर बसलं. बाबा डोळे मिटून उन्हात बसलेले. लेन्सपुढची काच सोडली, आठ पावलं मागे गेलो आणि खटका दाबला. पलीकडे त्यांची लेक गवत कापत होती. तिने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रशीदने प्रिंट माझ्यापुढे ठेवली. "हा कशाचा फोटो काढलास?"

बांध होता. तरवड होता. घोंगडी होती, तिच्यावर कुणीच नव्हतं. फुलपाखरू मात्र होतं, पंख मिटून — हवेत बसलेलं. आणि मागच्या मातीवर बसलेल्या माणसाची सावली, पागोट्यासकट.

गुरुवारी बाबांची लेक विचारत विचारत दुकानात आली. बाबा सोमवारी पहाटे झोपेतच गेले होते. ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "घरात त्यांचा एक बी फोटू न्हाई. तुमी काढलेला द्या, दादा."

त्या प्रिंटचं पाकीट रशीदच्या खिशात होतं. ते तिला कसं दाखवायचं? शब्द मोडून काढलेल्या फोटोत बाबाच नाहीत, हे कसं सांगायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, "रशीदने रोल धुताना बिघडवला."

रशीदने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून तिला म्हणाला, "व्हय ताई. माझ्याच हातनं गेला."

"एकच तर हुता रं, भावा..." म्हणत ती निघून गेली.

त्यानंतर रशीदने पुन्हा एकही रोल धुतला नाही. माझ्याशी बोलायचा, पण त्या दिवसाबद्दल कधीच नाही.

ती निगेटिव्ह आजही माझ्याकडे आहे. दोन जाणकारांना दाखवली. दोघांनाही उलगडा झाला नाही. मलाही नाही.

काही वर्षांपूर्वी काळेवाडीत रशीदला भेटायला गेलो. तो अंथरुणाला खिळलेला. सगळं ठरवून गेलो होतो. त्याने विचारलं, "नदीवर फुलपाखरं दिसतात का रे अजून?" मी म्हणालो, "दिसतात." चहा प्यायलो आणि उठलो. महिन्याभरात तो गेला.

रशीद, रोल तू बिघडवला नव्हतास. मला माफ कर — एवढंच म्हणायचं होतं.