आपाची पाटी

आपाला माणसांना हुलकावणी द्यायची भारी खोड. मेसच्या दारात समोरून कुणी आलं, की ही डावीकडे झुकणार आणि उजवीकडून सटकणार. रेक्टर मॅडम आल्या तरी तेच! अमरावतीच्या आमच्या हॉस्टेलात ती सगळ्यांचीच आपा, वयानं मोठ्या असलेल्या मुलींचीसुद्धा.

मी बार्शीटाकळीहून आले ती चांगली गोलमटोल. आम्हा दोघींनाही वनरक्षक व्हायचं होतं. आपाला धावण्याची चिंताच नव्हती. मला मात्र जिना चढताना धाप लागायची. भरतीत धावावं लागणार, या धास्तीनं माझं पुस्तकात लक्ष लागेना. शेवटी जेवणच सोडलं, नुसत्या लिंबूपाण्यावर राहिले आणि एका सकाळी नळाच्या रांगेत धाडकन आडवी झाले. आपानं तोंडावर पाणी मारलं. "काऊन वं, उपाशी मरून जंगल राखशीन का? भाकर खाय अन् संध्याकाळी मैदानात ये."

मला वाटलं, आता फेऱ्या मारायला लावते. तर मैदानात चुन्यानं आट्यापाट्या आखलेल्या! एकेका आडव्या पाटीवर एकेक मुलगी उभी, आणि बाकीच्यांनी तिला चुकवून पलीकडे जायचं. आपानं मला पाटीवर उभं केलं आणि ओरडली, "या आता! माया पोरीले ओलांडून दाखवा!" माझ्या रुंदीचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं हो. हात पसरून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी पळत सुटले, की जेवणाची घंटा झाली तरी हटेना.

मग रोज संध्याकाळ कधी होते असं व्हायचं. वर्गात बसल्या बसल्या पाय वळवळायचे. सलवारी ढिल्या झाल्या, जिना सोपा झाला. पण पोरी आता माझ्या बगलेतून निसटायला लागल्या. मी रडकुंडीला आले. "आपा, पाटी मोकळी राहून राहिली वं!"

"या अल्ला! बारीक झाली म्हनून रडनारी पोट्टी पयल्यांदाच पाह्यली. आता हात नाई, पाय चालव."

ऐन भरतीच्या तोंडावर तिच्या अब्बांना लकवा मारला. आपा अकोल्याला गेली आणि जुन्या शहरातलं त्यांचं भाजीचं दुकान सांभाळायला लागली. मी घाबरून फोन केला, "तू नसशीन तं मले नाई जमत."

"मी का तुया पायात बसून होती?" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. इतका राग आला मला तिचा!

त्या रागातच धावले आणि धावण्यात पास झाले. तशीच घामट अंगानं एसटी धरली, अकोल्याला उतरून जुन्या शहरात शिरले. आपा मेथीवर पाणी शिंपडत होती. "झाली पास," एवढंच बोलता आलं. गिऱ्हाईक तसंच टाकून तिनं मला घट्ट धरलं. मग प्रश्नांवर प्रश्न. "मैदान कसं होतं? माती होती का मुरूम? शिट्टी कोनं वाजवली? वर्दीतल्या बाया होत्या का तिथी?" मी सांगत होते, पण तिचं समाधानच होईना. "अन् शेवटाले? शेवटाले कसं वाटलं?"

तेवढ्यात आतून अब्बांनी हाक मारली. "जाऊ नको वं, मले आयकाचं हाय," म्हणत ती आत पळाली. मी तिच्या जागेवर बसून गिऱ्हाइकांना मेथीच्या जुड्या देत राहिले, आणि काही केल्या मला रडू आवरेना.