आठ डोकी आणि चाचींची चाल

संगणकाला प्रश्न विचारण्याआधी चाचा त्याच्या पेटीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. बंद दारावर करावी तशी. मग हळूच म्हणायचे, "उठा रे सगळे."

सगळे म्हणजे आठ प्रोसेसर. कुठल्याशा कार्यालयानं भंगारात काढलेला तो सर्व्हर चाचांनी औरंगपुऱ्यातल्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात जिवंत केला होता. आम्ही बुवाबाजीविरुद्धची पत्रकं तिथंच छापायचो, गठ्ठेही तिथंच ठेवायचो. म्हणून एक किल्ली माझ्याकडं.

त्या सर्व्हरवर एकच काम चाले: बुद्धिबळ. शेजारी लाकडी पट, त्यावर चाचा-चाचींचा अर्धा राहिलेला डाव. दवाखान्यात निघताना चाची म्हणाल्या होत्या, "हात लावू नका. चाल सुचलीय मला. आल्यावर सांगते." त्या आल्याच नाहीत. चाचांना ती चाल हवी होती. बाकी जगाकडून त्यांना काही नको होतं.

"आठ डोकी म्हणजे आठपट हुशार?" मी एकदा विचारलं.

"नाय रे बेटा. एकानं केलेलंच काम दुसरा करत बसतो. पंचायत आहे ती."

मग त्यांनी दाखवलं. सात बंद करून एकट्याला विचारलं: घोडा. मेमरी पुसून पुन्हा विचारलं: घोडा. कितीही वेळा विचारा, घोडाच. मग आठही उठवले. आधी हत्ती. पुसून विचारलं, तर प्यादं. मग उंट. डाव तोच, पुढच्या चालीही तेवढ्याच बघायला सांगितलेल्या, आणि उत्तर दर वेळी वेगळं.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. चाचा मात्र शांत. "आठही जण एकाच फळ्यावर लिहितात. कोणाचं आधी लिहून झालं, त्यावर बाकीच्यांचा विचार फिरतो. त्यात भूतबित काय नाय."

"मग पुन्हा पुन्हा विचारता कशाला?"

"एकट्याला घोड्याशिवाय काय सुचत नाय. अन् तिला घोडा आवडायचा नाय. पंचायतीतून कधीतरी तिची चाल निघंल."

मंडळी, तुम्हीच सांगा, हे प्लँचेट नव्हे तर काय? वाटी फिरवायच्या ऐवजी प्रोसेसर फिरवायचे! गावोगाव आम्ही घसा फोडतो, आणि आमचीच पत्रकं निघतात त्या खोलीत हे! मी तोंडावर म्हणालो, "तुमच्यावरच पत्रक काढीन, चाचा."

"काढ की. छापणार मीच. फक्त तपासून आण, मागच्या टायमाला 'विज्ञान' चुकलं होतं."

पुढं त्यांची तब्येत ढासळली. लेक त्यांना आपल्या घरी, कन्नड गावाला घेऊन गेली. जाताना म्हणाले, "मशीन चालू ठेव. विचारत राहू दे." मी चिडलो. आणि चालू ठेवलं.

एका दुपारी गठ्ठा न्यायला शटर उचललं. सर्व्हरचा पंखा घुमत होता. पटावर धूळ बसली होती. चाचींचा पांढरा राजा उभा असायचा, त्या घरात धुळीत एक स्वच्छ गोल होता. राजा दुसरीकडंच उभा.

दुसरी किल्ली कन्नडला, चाचांच्या उशाशी. "उंदीर असंल," मी मोठ्यानं म्हणालो. पण उंदरानं एकही प्यादं पाडलं नव्हतं.

फोन लावला. "चाचा, राजा हललाय. चाचींचा."

"कुठं?"

"दोन घरं पुढं, एक आडवा. घोड्यागत. चुकीच्या घरात."



"चुकीचं नाय बेटा. उडी आहे ती. ती दौलताबादला तिच्या अब्बांकडून देशी डाव शिकलेली. शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते. माझ्यासमोर कधी घेतली नाय तिनं, मी पार विसरलो. मशीनला तो कायदाच ठाऊक नाय. लाख डोकी लावली असती तरी..." ते हसले. "बंद कर आता मशीन."

केलं. पंखा थांबला. त्या दुकानात इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती.

"म्हणजे आता चाल माझी," चाचा म्हणाले. लई खुशीत.

त्याच आठवड्यात ते गेले.

पट आता माझ्या खोलीत आहे, मोहरे होते तसेच मांडून, वर काचेचं झाकण. भूत मी मानत नाही, पुढच्या पत्रकातही तेच छापणार. पण काळ्याची चाल बाकी आहे. सकाळी उठलो की चहाच्या आधी मी तिकडं बघतो.