न पुसलेलं रक्त

१६ मार्च, रविवार. मी बांगडे साफ करत होते. "आई, हात धू आणि बघ, आमची मालिका आली," माझी मुलगी केतकी म्हणाली. व्हिडिओ गेमवरची ॲनिमेशन मालिका. दर भागात नवा गेम, नवी माणसं. पहिल्यात मान उडाली, दुसऱ्यात पोट फाटलं. मेलेला लगेच उठून पुन्हा मरायला तयार. मला शिसारी आली.

"काय गं हे घाणेरडं?"

"त्यातलं रक्त मी केलंय. वर्षभर तेच करत होते."

घरी चार बांगडे कापले तरी ओटा घासावा लागतो, हाताचा वास जात नाही. इथे एवढी माणसं कापली, पण फडकं घेऊन कुणी आलं नाही. मरणानंतरचं आवरणंच नसेल, तर मारायला काय लागतं?

मी तसं तोंडावर सांगितलं.

"बरं, रक्त तरी खरं वाटलं का?" तिने हळूच विचारलं.

"वाटलं. म्हणून तर जेवण जाणार नाही."

जेवली तीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठायच्या आत मी दुसरा भाग पुन्हा लावला. कापाकापी संपेपर्यंत डोळे मिटून बसले. शेवटी नावं आली, तेव्हा चष्मा लावून तिचं नाव शोधलं, वाचलं, आणि टीव्ही बंद केला.