माझ्या नावानं सोडलेलं पाणी

क्लासच्या सरांनी पाहुण्यांना फसवलं. मी धडधाकट असताना मी भूकंपात मेलो असं त्यांना सांगितलं. पाहुणे पुण्याचे, भले लोक, त्यांनी विश्वास ठेवला. माझ्या मुलीला कोणी फसवलं नाही, तिला खरं माहीत होतं. तिला त्या खोट्यात नुसतं उभं केलं. आणि हे झालं कुठं, तर एका सहलीत. देवदर्शन, पक्षी, नावेत बसणं, डब्यात धपाटे, सगळं होतं त्या सहलीत.

मी औसा तालुक्यातला. भूकंपात आमच्या गावात बरीच घरं पडली, पण आमच्या घरचं माणूस गेलं नाही. गोठ्याची भिंत पडली, बैल गेला. पुढं लोकांना सरकारनं सिमेंटची घरं दिली. जुन्या घरांची सागवानी दारं, चौकटी, तुळया तशाच ढिगाऱ्यात पडून राहिल्या, त्या मी विकत घ्यायला लागलो. दारावर टिचकी मारायची, नाक मुरडायचं, "वाळवी दिसतीय" म्हणायचं. हातात काही नसताना लातूरला जुन्या लाकडाची वखार टाकली ती अशी. बायको गावाकडं राहायची, मी वखारीतच झोपायचो.

त्या काळात लातूरच्या गल्लोगल्ली क्लास निघत होते. गोठ्याला पत्रे ठोकले की क्लास, गच्चीवर मांडव घातला की क्लास. माझी मुलगी दहावीला चांगली निघाली, तिला अकरावीला लातूरला आणली. सरांचा क्लास तेव्हा गोदामात भरायचा. फीचं बोलायला गेलो आणि दोन तास बसलो. भूकंपात होतं नव्हतं ते गेलं म्हणालो. गेला तो फक्त बैल, हे मात्र बोललो नाही. सर फीला लगेच खाली आले. समोरचा इतक्या लवकर उतरला की धंदेवाल्यानं थांबावं आणि विचार करावा, हे मी दुसऱ्याला शिकवायचो. स्वतः थांबलो नाही. जिंकलो म्हणून बाहेर येऊन पान खाल्लं.

मुलगी एका भाड्याच्या खोलीत राहायची. खोलीत तिच्याबरोबर एक मैत्रीण होती, ती मात्र खरी पोरकी. आई, बाप, लहान भाऊ, तिघंही एकाच रात्रीत गेले होते. ही आजोळी होती म्हणून वाचली. सुट्टीत ती आमच्या गावी यायची, माझ्या बायकोच्या हातचं खायची. मला काका म्हणायची.

थंडीचे दिवस होते. सरांनी निरोप पाठवला, रविवारी दोघी मुलींना पाहुण्यांबरोबर नांदेडकडं न्यायचंय, कोणी मोठं माणूस सोबत द्या. मीच गेलो. क्लाससमोर मिनीबस उभी होती. सरांनी मला गाडीच्या मागच्या बाजूला नेलं.

"आजच्या दिवस तुम्ही मुलीचे मामा."

"कशाला?"

"पाहुण्यांना माहीत आहे की वडील गेलेत."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"ते आता सोडा. या पाहुण्या बाई पुण्यात आपल्या पोरांच्या फीसाठी मदत गोळा करतात. तुम्ही तोंड उघडलं तर एकट्या तुमच्या पोरीचं नाही, सगळ्यांचं बंद होईल. तिच्या मैत्रिणीचंसुद्धा. बघा काय ते."

मी काही बोलणार, तेवढ्यात बाई स्वतः आल्या, हात जोडून म्हणाल्या, "मामा ना तुम्ही? फार बरं झालं आलात." मी हात जोडले. झालं. गाडीत चढलो तर मुलगी खिडकीशी बसली होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि बाहेर बघायला लागली. सरांनी तिला आठवडाभर आधीच पढवून ठेवलं होतं, हे मला संध्याकाळी कळलं. तिची समजूत अशी झाली होती की हे सगळं मीच ठरवलंय, फी पाडायच्या बोलीत.

माळेगावला खंडोबाचं दर्शन घेतलं. बाईंनी मुलींच्या कपाळाला भंडारा लावला, माझ्याही लावला. त्यांचे यजमान निवृत्त इंजिनिअर, गळ्यात दुर्बीण, अंगावर खिसेच खिसे असलेलं जाकीट. त्यांना देवाचं फारसं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष विष्णुपुरीच्या पाण्याकडं होतं. "लवकर चला, उन्हं चढली की पक्षी पांगतात," असं ते दर थोड्या वेळानं म्हणत होते.

विष्णुपुरीला धरणामुळं गोदावरी तुंबून समुद्रासारखी पसरते. काठानं चिखल, गवत, पाणगवतात उभे बगळे. घाटाशी एक नाववाला होता. त्यानं भाव सांगितला आणि वर म्हणाला, दोन खेपा कराव्या लागतील.

"एका खेपेत बसतो की," मी म्हणालो.

"ओ दादा, नाव हाय ही. बैलगाडी न्हाई दाबून भरायला."

"मग भावबी नावेचा सांग. आगबोटीचा कशाला सांगायलास?"

"लई बोलता बगा तुम्ही. पोहत या की मग."

माझा आवाज चढला. त्याचाही चढला. घाटावरची बायामाणसं धुणं थांबवून बघायला लागली. शेवटी तो खाली आला, दोन खेपांना, माझ्या भावात. बाई हसून म्हणाल्या, "मामा, तुम्ही नसता तर आम्ही लुटलो गेलो असतो." मला आतून बरं वाटलं. आज आठवलं की त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटते.

नाव मधल्या उथळाकडं गेली. यजमानांनी दूरवर तांबूस बदकांची जोडी दाखवली, चक्रवाक म्हणाले, हिमालयाच्या पलीकडून येतात. मग दुर्बीण माझ्या मुलीच्या हातात दिली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा दुर्बीण धरली होती. नावेजवळच एक टिबुकली पोहत होती, मुठीएवढं पाखरू. मुलीनं दुर्बीण रोखली आणि ते बुडालं.

"गेलं!" ती ओरडली.

"आता कुठं निघेल, सांग," यजमान म्हणाले.

ती पाण्यावर नजर फिरवत राहिली. पाखरू भलतीकडंच, नावेच्या मागं वर आलं. ती इतकी हसली की नाव हलली, नाववाला ओरडला. हसता हसता ती माझ्याकडं वळली, मला दाखवायला हात वर केला, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती मला अण्णा म्हणायची. अण्णा म्हणायचं नव्हतं, मामा म्हणवत नव्हतं. दिवसभर तिनं मला कशानंच हाक मारली नाही.

परत आल्यावर काळेश्वराच्या दर्शनाला गेलो. देवळातून बाहेर पडताना बाईंच्या मनात आलं. मुलींना जवळ घेऊन म्हणाल्या, "गोदावरीवर आलोच आहोत. त्या गडबडीत तुम्हाला कोणी काही करू दिलं नसेल. आपल्या माणसांना पाणी तरी द्या." मैत्रिणीच्या घरच्यांना गावानं एकत्र अग्नी दिला होता, तिला तोंडंही दिसली नव्हती. ती लगेच हो म्हणाली. घाटावरचे गुरुजी आधी कुरकुरले, मुलींनी कशाला म्हणून. बाईंनी समजावल्यावर तयार झाले. तांब्या आला, काळे तीळ आले.

मी सरांजवळ सरकलो. "सर, हे थांबवा."

"आता कसं थांबवणार? काय सांगून?"

"काहीबी सांगा."

"तुम्हीच सांगा," सर म्हणाले.

मैत्रीण आधी बसली. गुरुजींनी नावं विचारली. तिनं आईचं, वडलांचं, भावाचं नाव घेतलं ते अंगणातून जेवायला हाक मारावी तसं. पाणी सोडलं, तोंडावरून ओला हात फिरवला आणि उठली. तिच्यासाठी ते खरंच झालं पाहिजे होतं, एवढं मला तेव्हाही कळलं.

मग माझी मुलगी दक्षिणेकडं तोंड करून बसली.

"वडिलांचं नाव?"

ती गप्प. बाईंना वाटलं हुंदका दाटलाय. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गुरुजींना म्हणाल्या, "मामा आहेत ना बरोबर, त्यांना विचारा."

"सांगा मामा," गुरुजी म्हणाले.

मैत्रीण ओल्या हातांनीच माझ्या बाजूला येऊन उभी राहिली होती. हळूच म्हणाली, "काका, नका सांगू." सर चष्मा पुसत होते. मुलीनं मान वळवली नाही, पण तिची पाठ ताठ झालेली मला दिसत होती. ती वाट बघत होती.

मी माझं नाव सांगितलं. माझं, माझ्या वडलांचं, आडनाव, वखारीच्या पाटीवर रंगवलंय तसं सगळं.

"गोत्र?"

"माहीत नाही."

"मग काश्यप," असं म्हणून गुरुजींनी माझं नाव मंत्रात घातलं. मुलीनं ओंजळ अंगठ्याकडून कलती केली. तिळाचं पाणी पायरीवर पडलं, तिथून नदीत गेलं. पुन्हा एकदा आणि पुन्हा एकदा. यजमानांनी फोटो काढला.

पोरांच्या फीसाठी गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं मनाला सांगितलं. ते खरं नाही. त्या भल्या बाईसमोर लबाड ठरायची मला भीती वाटली. नाववाल्याशी भांडताना माझा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला असेल. घाटावर तो माझ्याजवळ नव्हता.

पाहुणे नांदेडला गाडी पकडायला गेले. आम्ही परत निघालो. वाटेत लोह्याला चहाला थांबलो. मुली गाडीतच बसल्या होत्या, म्हणून मी गरम भजी घेऊन खिडकीशी गेलो.

"खा."

"नको, मामा."

"आता कशाला मामा? पाहुणे गेले की."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "मामा, एक सांगा. घरी गेल्यावर आईनं कुंकू लावायचं का पुसायचं?"

मैत्रिणीनं तोंड फिरवलं. कागदातली भजी माझ्या हातात तशीच राहिली. "मला माहीत नव्हतं गं," मी म्हणालो. "मला सकाळी कळलं."

"मग घाटावर का नाही बोललात?"

मी भजी तिथंच टाकली आणि चहाच्या टपरीवर जाऊन सरांची गचांडी धरली. टपरीवरचे लोक उठले. सर शांतपणे म्हणाले, "सोडा. तुम्ही फी पाडली, तेव्हा ती कुठून भरून निघणार हे एकदा तरी विचारलं का?"

"मेलो म्हणून सांगा, असं मी म्हणालो होतो का?"

"नाही."

"मग हे तिला सांगा. आत्ता. तुझ्या बापाला हे ठाऊक नव्हतं, एवढंच सांगा."

"लातूर येऊ द्या, सांगतो," सर म्हणाले. लातूर आलं. सर घराशी उतरले आणि आत गेले.

महिन्याभरात मुलीनं तो क्लास सोडला. आईला सांगितलं, सरांचं शिकवणं डोक्यात शिरत नाही. बाकी आईला तिनं आजवर काही सांगितलेलं नाही. डॉक्टर व्हायचं राहिलं. आता किनवटकडं आश्रमशाळेत शिकवते, पोरांना घेऊन तळ्यावर पक्षी बघायला जाते म्हणे. दिवाळीला घरी येते, माझी काळजीही घेते. "जेवायला वाढलंय", "चष्मा इथं राहिलाय", "गोळी घेतली का", असं बोलते. त्यात अण्णा कुठंच नसतं.

मी हे आज का लिहितोय? गेल्या महिन्यात सरांचा माणूस वखारीत आला. सरांच्या नव्या इमारतीला, त्यांच्या खोलीला, जुनं कोरीव दार पाहिजे होतं. कुणाचं काम आहे ते मला माहीत होतं, तरी मी चौकटीचं माप घ्यायला गेलो. जिन्याशी भिंतीवर मोठा फोटो लावलाय. घाट, तांब्या, माझ्या मुलीची ओंजळ. खाली लिहिलंय, भूकंपात वडील गमावलेली आमची विद्यार्थिनी. मागं कपाळाला भंडारा लावलेला एक माणूस उभा आहे. येणारे जाणारे आईबाप तो फोटो बघतात आणि पुढं जाऊन फी भरतात.

सर खोलीतून बाहेर आले, मला ओळखलं, हसले. "भाव सांगा दाराचा. तुमच्याशी घासाघीस नको."

मी माप न सांगता निघून आलो. तेव्हाही बोललो नाही, म्हणून इथं बोलतोय.

सर, तो फोटो आधी उतरवा. मग माझ्याबरोबर किनवटला चला. गाडी मी करतो. शाळेच्या फाटकाशी मुलीसमोर उभं राहून सांगा, की तुझ्या बापानं हा सौदा केला नव्हता, तो मी केला, त्याला न विचारता. घाटावर माझं नाव मात्र मीच सांगितलं. त्याचं काय ते मी तिला बोलेन, ती देईल ती शिक्षा घेईन. पण पहिलं खोटं तुमचं आहे, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय माझं ती ऐकून घ्यायची नाही. लोह्याला तुम्ही सांगतो म्हणाला होतात. मी अजून जिवंत आहे, आणि वाट बघतोय. कधी निघायचं?